सहा पडदे आणि एक खोली

गुणवंता,

सुट्टी संपून शाळा उघडली आणि परवा तुझ्या शाळेत शोकसभा झाली. मी अमरावतीहून पहाटेच निघालो आणि अकोल्याला वेळेवर पोचून मागच्या बाकावर जाऊन बसलो. तुझे हेडमास्तर उठले, घसा खाकरला आणि म्हणाले, "कैलासवासी गुणवंतराव हे अत्यंत मितभाषी आणि सर्वांशी जुळवून घेणारे गृहस्थ होते."

मला हसू आवरेना. तू आणि मितभाषी? तू आणि जुळवून घेणारा? कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून आपण भांडत आलो आणि त्यातलं एकही भांडण तू जुळवून घेऊन मिटवलेलं मला आठवत नाही. माझे खांदे हलताना पाहून शेजारच्या ड्रॉइंग मास्तरांना वाटलं, मला हुंदका आलाय. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी तो ठेवू दिला, आणि मग खरंच रडू आलं.

तुझा जन्म कुठला, शिक्षण किती, नोकरी कितव्या वर्षी लागली, हे सगळं हेडमास्तरांनी सांगून टाकलं. ते मी पुन्हा सांगत नाही. मला आपलं भांडण लिहायचं आहे. ते अर्धंच राहिलं, आणि माझीच बाजू लंगडी आहे. वकिली करणाऱ्या माणसाला हे कबूल करायला किती जड जातं ते तुला माहीत आहे. ऐकायला तू नाहीस म्हणून लिहिणं थोडं सोपं जातंय, हेही कबूल करतो.

आपली नाटकमंडळी तू जमवलीस. मी, तू, भूमापन कचेरीतला दिगंबर आणि असेच दोघे-तिघे. दर गणपतीत तू एक तासाभराचं विनोदी नाटुकलं लिहायचास आणि माणसं दरवर्षी तीच असायची. संतापी तात्या, त्याची कुणालाच न घाबरणारी बायको म्हणजे काकू, त्यांची मुलगी कुसुम, तात्याशी अबोला धरून त्याच्याच घरी राहणारा मेहुणा आणि माडीवरचा भाडेकरू मास्तर. मी तात्या व्हायचो आणि तू मेहुणा. दिगंबर मिशा काढून, नऊवारी नेसून काकू व्हायचा आणि नंतर महिनाभर कचेरीत तोंड लपवत फिरायचा. लोकांना ही माणसं इतकी घरची झाली होती की भाजीबाजारात मला बायका विचारायच्या, "काय हो तात्या, मेहुण्याशी बोलता का नाही अजून?"

आणि आपल्याकडे नाटकाचं मोल ठरायचं पडद्यांवर. हल्लीच्या पोरांना सांगून खरं वाटणार नाही. नाटक कुणाचं, नट कोण, हे कुणी विचारत नसे. "पडदे किती हायेत?" हा पहिला प्रश्न. हॅन्डबिलावर मोठ्या अक्षरात छापावं लागे, 'पाच पडदे', 'सात पडदे'. नवा पडदा खाली सुटला की लोक आधी त्यालाच टाळ्या द्यायचे आणि मग नटाकडे बघायचे. आपल्याकडे सहा होते. वाड्याचा, बागेचा, रस्त्याचा, देवळाचा, जंगलाचा आणि राजदरबाराचा. तात्याच्या संसारात राजदरबाराचं काही काम नव्हतं. तरी सहावा पडदा लोकांनी पाहायलाच हवा म्हणून दरवर्षी तात्याला एक स्वप्न पडायचं. ते स्वप्न लिहिताना तू शिव्या घालायचास आणि मी म्हणायचो, "लिही रे, लोकांना आवडतं."

महाराष्ट्र व्हायच्या आधीची गोष्ट. आपल्याला अचलपूरच्या गणपतीत बोलावणं आलं. मेळघाटात धारणीला जाणारी मोटार, तिच्या टपावर आपल्या पडद्यांची लांब वळकटी. अचलपुरात उतरताना घाई झाली. दिगंबर टपावर चढला आणि त्यानं वळकटी खाली सोडली. मोटार गेली. मंडपात येऊन दोरी सोडली तर आत कुणाची तरी कापसाच्या गाडीवर टाकायची ताडपत्री! आपले सहाही पडदे मेळघाटाच्या वाटेला लागले होते. तू कपाळावर हात मारलास, दिगंबरकडे पाहिलंस आणि म्हणालास, "लेका, जंगलाचा पडदा तं बराबर जागी पोचला."

तिथल्या मंडळाचे चिटणीस मात्र हसण्याच्या मनःस्थितीत नव्हते. हॅन्डबिल नाचवत ते म्हणाले, "सहा पडदे छापले हायेत आमी. लोकायले काय सांगू? मंडपात येऊन ताडपत्री पाहा म्हनू?"

मी म्हणालो, खेळ रद्द करू, माफी मागू. मोटार काही तीन-चार दिवस परतणार नव्हती. तू कागद मागवलेस. मंडपाच्या कोपऱ्यात मांडी घालून बसलास आणि दुपारी अडीचपासून आरतीपर्यंत लिहीत राहिलास. पानं सुटी सुटी आमच्या हातात येत होती. एक तख्तपोस, एक दार, एक पाण्याचा तांब्या आणि मागे भिंत म्हणून तीच ताडपत्री. तात्याच्या दारात गावचा वळू येऊन बसला आहे. पोळा नुकताच झालेला, त्याच्या शिंगांना अजून बेगड आहे, म्हणून त्याला काठी मारायची कुणाची छाती होत नाही. तो उठत नाही तोवर घरातल्या कुणालाही बाहेर पडता येत नाही. एवढंच नाटक. वळू एकदाही दिसत नाही. तात्याला कोर्टात जायचंय, मास्तरला शाळेत, काकूला हळदीकुंकवाला, पण सगळ्यांना तख्तपोसावर एकमेकांच्या शेजारी बसून राहावं लागतंय.

पहिली दहा मिनिटं लोक वाट बघत होते. पडदा कधी बदलतो, याची. मागून एक जण ओरडलादेखील, "बगीचा कावून दाखवून नाई राह्यले?" मग तात्याला तहान लागली. तांब्या मेहुण्याजवळ. पाच वर्षांचा अबोला. तात्या तांब्याकडे बघतो, मेहुणा छताकडे बघतो. आपण दोघं किती वेळ तसे बसलो होतो रे? मला वाटतं मिनिटभर तरी. एक शब्द नाही. आधी एक बाई हसली, मग तिच्या शेजारची, आणि मग सगळा मंडप असा उसळला की चिटणीस धावत बाहेर आले. त्यांना वाटलं, लोक खवळले. वाड्याच्या पडद्यापुढे आपण कितीदा पाणी प्यायलो असू. तांब्या लोकांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसला.

आणि मग तुझा मेहुणा पाच वर्षं का बोलत नव्हता ते त्यानं काकूकडे तोंड करून सांगितलं. काहीच मोठं नव्हतं. तात्यानं त्याला एकदा पंगतीत वाढायला सांगितलं होतं आणि स्वतःच्या शेजारी बसवलं नव्हतं. पुढच्या रांगेतला एक म्हातारा पागोट्याच्या टोकानं डोळे पुसत होता. त्याचं असं कुणाशी काय झालं होतं कुणास ठाऊक.

परतीच्या मोटारीत आपलं भांडण सुरू झालं. मी म्हणालो, नशीब म्हणून निभावलं. तू म्हणालास, नशीब नाही, कायदा आहे.

"हे पाह्य सदाशिव, मानसाले उठून जाता येते ना, तवरोक तो खरं बोलत नाई. भांडन झालं का बाहीर जातो, चावडीवर बसतो, पान खाऊन येतो. खरं बोलाची येळच येत नाई त्याच्यावर."

मी म्हणालो, "माझं अख्खं आयुष्य एका खोलीत जातं, कोर्टात. तिथं तर लोक एका जागी उभे राहून सर्रास खोटं बोलतात."

"तुह्या कोर्टाले दार असते बाप्पा. पाच वाजता उघडते. सारेच पाचाची वाट पाह्यतात."

मी विषय बदलून म्हणालो की लोकांना बदल हवा असतो. एकच भिंत बघून डोळे शिणतात. तू म्हणालास, "घरी जाऊन कोन्ती भित पाह्यतात मंग? आपलीच ना?" तुझं म्हणणं होतं की तात्या-काकूला लोक ओळखतात, म्हणूनच हे जमतं. अनोळखी माणसं खोलीत कोंडली तर लोक पेंगतील. ओळखीची कोंडली तर पुढं सरकून बसतील, कारण कोण कुणाला कुठं टोचणार हे त्यांना आधीच ठाऊक असतं आणि ते कधी होतं याचीच ते वाट बघतात. शिवाय पाहणाराही एका जागी बसलेलाच असतो. तोही उठून जाऊ शकत नाही. मग तो तात्याच्या खोलीतलाच एक होतो. आज लिहिताना मला हे सगळं इतकं उघड दिसतं की तेव्हा मी काय वाद घालत होतो याची लाज वाटते. पण तू इतका ठाम बोलायचास की नाही म्हणण्यावाचून दुसऱ्याला जागाच उरत नसे. हा तुझा दोष होता आणि तो मी तू गेलास म्हणून माफ करणार नाही.

पडदे आठवड्यानं परत आले, दमट वास घेऊन. राजदरबाराला बुरशी लागली होती. तू तेवढ्यानंच खूश झालास.

त्यानंतर दर दोन वर्षांनी एक गणपती तू खोलीचा काढू लागलास. कधी सगळे एका छपराखाली पाऊस थांबायची वाट बघत, कधी लग्नघरातल्या सामानाच्या खोलीत, तर कधी एकाच बैलगाडीत. आणि हळूहळू विचारणं बदललं. दर्यापूरला एका माणसानं मला गाठून विचारलं, "औंदा तात्या कोंडला हाय का मोकया?" कोंडला आहे म्हटल्यावर तो म्हणाला, "मंग घरच्यायले घेऊन येतो." पडद्यांचं त्यानं विचारलंच नाही. हे मी तुला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तू वर्षभर मला जगू दिलं नसतंस.

आता नागपूर. टाळून चालणार नाही.

तू लिहिलेलं सगळ्यांत चांगलं नाटक ते. दिवाळीच्या आधी तात्याच्या घराला चुना लावताहेत, सगळ्या खोल्या ओल्या, म्हणून घरातली सगळी माणसं आणि सगळं सामान एका खोलीत. ट्रंका, गाद्या, देव्हारा, लोणच्याच्या बरण्या. आणि त्या पसाऱ्यात कुसुमला सांगायचं आहे की तिला माडीवरच्या मास्तरशी लग्न करायचं आहे. एकटं बोलायला जागा नाही. ती ट्रंकेवर बसून, सगळ्यांच्या समोर, देव्हाऱ्याशी बोलते आहे असं दाखवत सांगते. स्पर्धेसाठी आपण ते निवडलं. तू पेरणीपासून गावाकडं अडकलास, वडील थकलेले, शेत तुझ्यावर. तालमी मी घेतल्या आणि तुझा मेहुणा तेवढ्यापुरता दुसऱ्या कुणाला दिला.

आणि मी बागेचा प्रवेश घातला. परीक्षक पुण्या-मुंबईकडचे, त्यांना तासभर ट्रंका बघवतील का, ही माझी धास्ती. खरं सांगायचं तर तेवढंच नव्हतं. अचलपूरपासून सगळे म्हणत होते की नाटक गुणवंताचं. मलाही वाटत होतं की यात काहीतरी माझं असावं. मी कुसुम आणि मास्तरला चांदण्यात, बागेत नेलं. बारा-पंधरा मिनिटं ते गोड बोलतात. तुला पत्र टाकायचं मनात आलं होतं. टाकलं नाही. टाकलं असतं तर तू नाही म्हणाला असतास, म्हणून टाकलं नाही.

तू शेतावरून थेट नाट्यगृहात आलास आणि प्रेक्षकांत बसून पाहिलंस. आपल्याला दुसरं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी बागेच्या प्रवेशाचं नाव घेऊन कौतुक केलं. तू आत आलास, दिगंबरच्या हातात हात दिलास, मग माझ्याकडे वळून म्हणालास, "चांगलं झालं. पन थे माह्यं नोयतं."

आपण एकाच गाडीनं परतलो, तू एका डब्यात आणि मी दुसऱ्या. बडनेऱ्याला मला उतरायचं होतं. मी उतरून मुद्दाम तुझ्या डब्यावरून गेलो. तू पलीकडच्या खिडकीतून बाहेर बघत होतास. पलीकडं नुसते रूळ होते. मी हाक मारली असती तर तुला ऐकू गेली असती. मी पायरीजवळ उभा राहिलो, गाडीची शिट्टी झाली, आणि मी टांगा बघायला निघालो.

दोन वर्षं. अकोला ते अमरावती असं किती अंतर आहे? सकाळी निघालेला माणूस जेवायला पोचतो. दोन वर्षं आपल्याला ते कापता आलं नाही. दोन गणपती बिनतात्याचे गेले. बाजारात बायका विचारायच्या, मी म्हणायचो, लेखक आजारी आहे. आणि मग तू खरंच आजारी पडलास. मला त्या थापेचं अजून वाईट वाटतं.

सिंधूवहिनींचं पोस्टकार्ड आलं. 'ह्यांना बरं नाही. येऊन जावे.' दुसऱ्याच दिवशी मी तुझ्या दारात होतो. तू उशाला टेकून बसला होतास, निम्मा झालेला. म्हणालास, "ये वकीलसाहेब." आपण दोन तास बोललो. पाऊसपाणी, माझ्या मुलीची परीक्षा, दिगंबरची बढती. तुझ्या डॉक्टरची आपण नक्कल केली. वहिनींनी केलेला चहा दोनदा झाला. वाक्य माझ्या तोंडात होतं, गुणवंता. 'बागेचा प्रवेश मी तुला न विचारता घातला, ते चुकलं.' एवढंच वाक्य. कोर्टात मी अर्धा अर्धा तास बोलतो.

तू म्हणालास, "बस ना थोडा."

मी म्हणालो, "एस.टी. चुकेल."

दार होतं ना तिथं. तू सांगितलेलंच घडलं. मला उठून जाता येत होतं, म्हणून मी खरं बोललो नाही. पुढच्या रविवारी येतो म्हणालो. तू मान हलवलीस. रविवार उजाडायच्या आत दिगंबर माझ्या घरी आला, आणि त्याचा चेहरा बघून मी तसाच त्याच्याबरोबर निघालो.

ते बारा दिवस मला वाटत होतं की आता हे वाक्य असंच पोटात घेऊन जगायचं. तुझ्या तेराव्याला आलो तेव्हा मान वर करून वहिनींकडे बघवत नव्हतं. पंगती उठल्यावर त्या आतून एक वही घेऊन आल्या. आपल्या सगळ्यांच्या नकला, म्हणजे ज्याची त्याची वाक्यं, त्यांनीच उतरवल्या होत्या इतकी वर्षं, चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचं ते मोत्यासारखं अक्षर. पण ही वही तुझ्या अक्षरात होती.

"भाऊजी, हे तुमच्यासाटी ठेवलं होतं त्यायनं. रविवारी देतो म्हनत होते."

चुन्याचंच नाटक. तू ते पुन्हा लिहिलं होतंस, आजारपणात, शाई कुठं फिकी तर कुठं गडद. मी पान उलटत गेलो आणि बागेचा प्रवेश आला. माझा प्रवेश, माझी वाक्यं. तू एकही खोडलं नव्हतंस. फक्त एक केलं होतंस. कुसुम आणि मास्तर बागेत जातात, पण नाटक त्यांच्यामागं जात नाही. नाटक खोलीतच थांबतं. बागेकडं एकच खिडकी आहे, तीही उंच, आणि तात्या, काकू, मेहुणा, घरातले सगळे ट्रंकांवर ट्रंका चढवून त्या खिडकीशी गर्दी करतात. आपल्याला दोघं दिसतच नाहीत. त्यांचं गोड बोलणं अर्धं ऐकू येतं, आणि जे ऐकू येत नाही ते तात्या एक सांगतो, मेहुणा दुसरं. काकू म्हणते, सरका, मला बघू द्या, माझी पोरगी आहे ती. भांडता भांडता तात्या आणि मेहुणा एकाच ट्रंकेवर, एकमेकांचा दंड धरून उभे असतात आणि आपण बोलतो आहोत हे त्यांच्या लक्षातही येत नाही.

मी तिथंच, अंगणात, पत्रावळी उचलणाऱ्या माणसांच्या मधे उभा राहून हसायला लागलो. लोक बघत होते. बघू देत. इतकी वर्षं आपण भांडलो, खोली की बाग, आणि तू एक खिडकी काढून मोकळा झालास. माझा प्रवेश तुझ्या खोलीतून पाहिला की दसपट चांगला होतो, हे मला का सुचलं नाही? तू मला माफ केलंस असं कुठंही लिहिलेलं नाही, मी सगळी पानं पाहिली. पण माझी वाक्यं तू हातानं उतरवून काढलीस, एकेक. ज्याच्याशी संबंध तोडायचे त्याची वाक्यं माणूस आजारपणात बसून उतरवत नाही. मी याचा अर्थ माझ्या बाजूनं लावतो आहे. तू हरकत घ्यायला हजर नाहीस.

तर ऐक. बागेचा प्रवेश मी तुला न विचारता घातला. ते चुकलं. मोठेपणा मिळावा म्हणून घातला, तेही चुकलं. बडनेऱ्याला मी हाक मारायला हवी होती. आणि त्या दिवशी एस.टी. चुकली असती तरी काही बिघडणार नव्हतं, संध्याकाळी दुसरी होती.

आता पुढचं. आम्ही सगळे म्हणत होतो, यंदाचा गणपती मोकळा जाऊ द्यावा, वर्ष झालेलं नाही, बरं दिसणार नाही. वहिनींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमी न केल्यानं थे परत येनार हायेत का? कवाच्या तालमी सांगा. मले सैपाक टाकून या लागते."

मग मागच्या रविवारी तुझ्याच खोलीत पहिलं वाचन झालं. दिगंबरनं काकूचं काम नको म्हटलं. त्याला बढती मिळाली आहे, हाताखाली चार कारकून आहेत, मिशा काढवत नाहीत म्हणतो. काकूची वाक्यं वाचणार कोण? वहीचं अक्षर माझ्याशिवाय कुणाला लागेना, आणि मी तात्यात गुंतलेलो. वहिनी कोपऱ्यात बसल्या होत्या, म्हणाल्या, "आना इकडे, मले लागते त्यायचं अक्षर." आणि वाचायला लागल्या. सपाट आवाजात, वाणसामानाची यादी वाचावी तशा. पण 'सरका, माझी पोरगी आहे ती' या वाक्याशी आल्या आणि त्यांचा आवाज असा चढला की तात्या म्हणून मी खरंच सरकलो. मग त्यांना स्वतःलाच हसू आलं. पदर तोंडाला लावून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि पुढचं वाक्य वाचत होत्या. मी गेल्या कित्येक वर्षांत त्या घरात इतकं हसू ऐकलं नव्हतं. गल्लीतली दोन-चार माणसं दारात येऊन उभी राहिली. मग तीही आत येऊन बसली.

काकू रंगमंचावर वहिनींनी करावी असं मी सुचवलं आहे. लोक नावं ठेवतील, हे त्यांना माहीत आहे आणि मलाही. त्या अजून हो म्हणाल्या नाहीत. पण त्यांनी वही माझ्याकडे परत दिली नाही. पाठ करायला ठेवून घेतली असावी असा माझा अंदाज आहे. मेहुणा मात्र कुणाला द्यावा ते ठरत नाही. दिगंबर म्हणतो मी करतो, मिशांसकट. त्याला तांब्याकडे न बघता छताकडे बघायला शिकवतो आहे. तुझ्यासारखं जमत नाही, पण त्याचं त्याचं काहीतरी जमेल. प्रयोग अकोल्याला आहे, मग अचलपूरला. चिटणिसांचं पत्र आलं आहे, हॅन्डबिलावर काय छापू म्हणून विचारतात. मी कळवलं, 'एक खोली, एक खिडकी' छापा.

आणि एकच गोष्ट राहिली. शेवटी मेहुण्याशी बोलायला लागल्यावर तात्या जे भाषण करतो, ते लांबलं आहे. दंड धरून दोघं उभे आहेत, लोकांना सगळं कळलेलं आहे, मग त्यानं अर्धं पान समजावून कशाला सांगायचं? परवा सभेनंतर वहिनींकडे जाऊन मी ते वहीतून तीनदा मोठ्यानं म्हणून पाहिलं, त्यांनाही ऐकवलं. त्यांचंही तेच मत पडलं. चार ओळी पुरतील. मी तिथंच वहीत पेन्सिलीनं बारीक खूण करून ठेवली आहे, खोडलेलं नाही.

कापू का, गुणवंता?